टोफू आधी कोरडा करा, मग चवीचं बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे: कामावरून घरी पोचायला साडेसात वाजतात. टोफू खायचा असं ठरवून दोनदा आणला. पहिल्यांदा पॅनला चिकटून त्याचा भुगा झाला. दुसऱ्यांदा रात्रभर सोया सॉसमध्ये भिजवला, तरी आतून पांढराफटक आणि फिका. नऊ वर्षांच्या मुलीने एक तुकडा खाल्ला आणि ‘ओलं खोडरबर’ म्हणून ताट बाजूला सारलं. अर्ध्या तासात होईल आणि घरातले खातील असं काही जमेल का? शिवाय उघडलेलं अर्धं पाकीट चार दिवसांपासून फ्रीजमध्ये पडलंय, ते वापरू का?

मुलीने निदान अचूक केलंय. तिच्या दोन शब्दांपैकी ‘ओलं’ हा शब्द धरून ठेवा, तुमची दोन्ही वेळची फजिती त्यातच आहे. टोफू चिकटला तो पाण्यामुळे आणि फिका राहिला तोही पाण्यामुळे. मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली, आता घरगुती स्वयंपाक शिकवते. टोफूची तक्रार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण मसाल्याबद्दल विचारतो. पाण्याबद्दल कुणी विचारत नाही.

टोफू म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, उकळायचं, गाळायचं. जे दूध मिळतं त्यात जिप्सम किंवा निगारी घालून ते फाडायचं आणि तो साका फडक्यात बांधून वजनाखाली दाबायचा. निगारी म्हणजे समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारा कडू क्षार, मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. हाती येते ती प्रथिनांची बारीक जाळी, आणि त्या जाळीच्या प्रत्येक भोकात पाणी. साध्या फर्म टोफूत वजनाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं, सिल्कन या अगदी मऊ, न दाबलेल्या प्रकारात तर जवळजवळ नऊ दशांश.

आता असा तुकडा गरम तेलात टाकला की काय होतं? पाणी बाहेर येतं आणि त्याची वाफ होते. जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि खरपूस रंग धरायला १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे तुम्ही टोफू तळत नव्हता, तेलात उकडत होता. वरचा थर कडक व्हायच्या आधीच ओली प्रथिनं पॅनच्या धातूला धरून बसली, आणि तुम्ही उलथन्याने ती ओढलीत. भुगा होणारच.

रात्रभर भिजवण्याचंही तेच. भरलेल्या घागरीत आणखी काय ओतणार? मीठ हळूहळू आत सरकतं, पण रंग, लसूण, मसाला हे सगळं वरच्या सालीत अडकतं. तेल तर पाण्याने भरलेल्या जाळीत शिरतच नाही. हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकले. किचनमध्ये नवी असताना चाळीस माणसांच्या जेवणासाठी टोफूचे मोठे काप आदल्या दिवशी सोया सॉस, आलं आणि तिखटात घालून ठेवले. सकाळी बाहेरून काप असे देखणे, गडद तपकिरी. एक आडवा कापला. तपकिरी कड नखाच्या जाडीएवढी आणि आत सगळं पांढरं शुभ्र. आमच्या मुख्य शेफने तो काप दिव्यासमोर धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘रंगारी चांगली आहेस.’ त्या दिवसानंतर मी टोफू मुरवण्याच्या भानगडीत पडले नाही. अपवाद एकच, तो पुढे सांगते.

तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की करा. टोफूच्या आत चव घालायला जायचं नाही. वरचा थर कोरडा आणि खरबरीत करायचा आणि चव त्याला बाहेरून चिकटवायची. आतला भाग मऊ, सौम्य, दुधाळच राहणार, आणि तो तसाच हवा. भात आपण फिका म्हणून टाकून देतो का?

सुरुवात दुकानात होते. पाकिटावरच्या सॉफ्ट, फर्म, एक्स्ट्रा फर्म या शब्दांवर फार भिस्त ठेवू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं. पाकीट उलटं करा आणि १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचा. प्रथिनं जास्त म्हणजे पाणी कमी. ५ ते ७ ग्रॅम असतील तर तो सूप-रश्श्याचा मऊ टोफू. १२ च्या वर असेल तर परतायला चालेल. १५ किंवा अधिक असेल तर डोळे झाकून घ्या, तुमच्यासारख्या घाईच्या घरात तो सोन्याचा. पाण्याशिवाय, हवा काढून घट्ट बंद केलेली जी पाकिटं मिळतात त्यांत बहुतेक असाच टोफू असतो. त्याला दाबणं-बिबणं काही लागत नाही, पुसला की तयार.

एका फसवणुकीपासून मात्र सावध. सिल्कन टोफूच्या काही खोक्यांवरही ‘फर्म’ लिहिलेलं असतं. सिल्कन हा फडक्यात बांधून दाबलेला टोफू नव्हे. दही जसं भांड्यातच लागतं तसा तो खोक्यातच लागतो. म्हणून त्याला साक्याचे दाणे नाहीत, पोत रेशमासारखा सलग. त्यातला ‘फर्म’ हा इतर सिल्कनच्या मानाने फर्म, एवढाच अर्थ. पॅनमध्ये टाकलात की त्याचा लगदा होतो. पहिल्यांदा तुमचा भुगा झाला तो कशाने, हे मला इथून दिसत नाही, पण पाकीट आठवून बघा. न उघडता फ्रीजबाहेर ठेवता येणारं छोटं खोकं होतं का? असेल तर तुमच्या हाताचा काही दोष नाही.

आता पाणी काढायचं कसं. टोफू फडक्यात गुंडाळायचा, वर पोळपाट ठेवायचा आणि त्यावर जाडजूड पुस्तकं रचून तासभर वाट बघायची, हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. पद्धत चुकीची नाही, पण साडेसातला घरी आलेल्या माणसाला ती सांगणं ही क्रूर थट्टा आहे. शिवाय कमी घट्ट टोफू दाबला की कडेने फाटतो. मी आठवड्यातल्या धावपळीच्या दिवसांत उलटंच करते: टोफूवर उकळतं पाणी ओतते.

ऐकायला विचित्र वाटेल, पण करून बघा. ४०० ग्रॅमची लादी आधी कापून घ्या. एक लिटर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवा, ते तुकड्यांवर ओता आणि पंधरा मिनिटं विसरून जा. उष्णतेने बाहेरची प्रथिनांची जाळी आकसते आणि आपलंच थोडं पाणी बाहेर ढकलते. मीठ वरच्या थरात बसतं. नंतर तुकडे निथळून स्वच्छ पंचावर पसरले की ते गरम असल्यामुळे वरची ओल वाफ होऊन उडून जाते. दोन-तीन मिनिटांनी वरून हलकेच टिपून घ्या. बोट फिरवलं की पूर्वीचा बुळबुळीतपणा गेलेला जाणवतो, पृष्ठभाग थोडासा धरतो बोटाला. तेवढं झालं की काम झालं. आतलं पाणी आतच राहू दे, त्यानेच टोफू आतून मऊ राहतो.

कापण्याबद्दलही माझा एक हट्ट आहे: शक्य असेल तिथे कापू नका, तोडा. सुरीने कापलेल्या चौकोनाच्या बाजू आरशासारख्या गुळगुळीत होतात, त्यावरून सॉस निसटतो. हाताने तोडलेल्या तुकड्याला खाचा-खळगे असतात, कडा वाकड्यातिकड्या असतात. त्या कडा आधी कुरकुरीत होतात आणि खळग्यांत सॉस साचतो. दिसायला ओबडधोबड, खायला दुप्पट चांगला. आणि हे काम मुलीला देता येतं. सुपारीएवढे तुकडे कर म्हणावं. स्वतःच्या हाताने तोडलेलं मुलं निदान चाखून तरी बघतात.

परतताना पॅन मध्यम आचेवर नीट तापू द्या. दोन मोठे चमचे तेल, ते पातळ होऊन पॅनभर सहज धावलं की एकेक तुकडा हाताने ठेवा. ओतू नका. तुकड्यांत बोटभर अंतर राहू द्या. मावत नसतील तर दोन घाण्यांत करा, गर्दी झाली की वाफ कोंडते आणि पुन्हा तेच उकडणं सुरू होतं. मग पुढची चार-पाच मिनिटं हात मागे बांधून उभं राहायचं. सगळ्यात अवघड भाग हाच.

या वेळात कान उघडे ठेवा. सुरुवातीला आवाज मोठा असतो, तडतड, थेंब उडतात, ते निघून जाणारं पाणी. दोन-तीन मिनिटांनी तो आवाज खाली येतो, रिमझिम पाऊस लागल्यासारखा एकसारखा होतो. आता तळाचं पाणी संपलं आणि रंग धरायला सुरुवात झाली. तुकड्याच्या कडेला तळापासून वर चढणारी सोनेरी रेघ दिसायला लागते. ती गव्हाच्या दाण्याच्या जाडीची झाली की पॅन हलकेच हलवून बघा. तयार झालेले तुकडे आपणहून सुटतात, चिकटलेले अजून कच्चे आहेत असं समजा, त्यांना आणखी मिनिटभर द्या. उपटायला जाऊ नका. नॉनस्टिकमध्ये हे सोपं जातं. लोखंडी किंवा स्टीलच्या पॅनमध्ये धीर जास्त लागतो पण सालही जास्त छान येते.

दोनच बाजू परता. चौकोनाला सहा बाजू असतात म्हणून सहाही बाजू तांबूस करत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. वीस मिनिटं जातात आणि हाती येतं ते सुकं खोडरबर. दोन बाजू खरपूस, बाकीच्या मऊ, हा फरकच तोंडात छान लागतो.

आणखी कुरकुरीत हवा असेल तर कॉर्नफ्लोअर. ४०० ग्रॅमला दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि मिरपूड. पण लावायचं ते तेल तापल्यावर, अगदी शेवटच्या क्षणी. आधी लावून ठेवलंत तर ते उरलीसुरली ओल ओढून घेतं आणि तुकड्यांना खळ लावल्यासारखं होतं. ओव्हन किंवा एअर फ्रायर असेल तर याच तुकड्यांवर आधी एक मोठा चमचा तेल चोळा आणि मग कॉर्नफ्लोअर. २०० अंशांवर ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटं, एअर फ्रायरमध्ये १२ ते १५. पॅनची चव येत नाही, पण तेवढ्यात आंघोळ होते.

आता एक प्रत्यक्ष संध्याकाळ. दारातून आत आल्या आल्या पाणी उकळत ठेवा आणि भात लावा. टोफू तोडून मिठाच्या पाण्यात जाऊ दे. तो भिजतोय तोवर भाज्या चिरा, ढोबळी मिरची, गाजर, ब्रोकोली, मशरूम, जे असेल ते. एका वाटीत सॉस कालवा: दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, लहान चमचा साखर, लहान चमचा कॉर्नफ्लोअर, चार मोठे चमचे पाणी. दोन पाकळ्या लसूण आणि बोटाच्या पेराएवढं आलं किसून त्यातच. टोफू निथळा, टिपा, परता आणि ताटलीत काढून ठेवा. हो, बाहेर काढायचाच. त्याच पॅनमध्ये मोठ्या आचेवर भाज्या तीन-चार मिनिटं परता, त्यांचा कचकचीतपणा जाऊ देऊ नका. वाटीतला सॉस तळापासून ढवळून ओता, कारण कॉर्नफ्लोअर खाली बसलेलं असतं. मिनिटाभरात तो चकचकीत आणि दाट होतो. आता टोफू आत, दोनदा खालीवर, गॅस बंद. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नाही. टोफू सॉसमध्ये शिजत ठेवलात तर एवढ्या मेहनतीने आणलेली साल पुन्हा मऊ पडते.

मिठाचं भान ठेवा. टोफूत मीठ गेलंय, सोया सॉसमध्ये आहेच, तेव्हा वेगळं घालायचं नाही. मुलीला सॉस तिखट-आंबट वाटत असेल तर तिचा टोफू कोरडाच ताटात वाढा आणि सॉस वाटीत बाजूला द्या. बुडवून खायचं म्हटलं की मुलांचा विरोध निम्मा होतो.

हे एक जमलं की सॉस बदलत महिनाभर निघतो. शेंगदाण्याचं बटर, लिंबू आणि तिखट. टोमॅटो आणि लसूण. मध, तीळ आणि मिरपूड. प्रमाण साधारण तेच: खारट, आंबट, गोड आणि काहीतरी दाट.

ज्या दिवशी उभं राहण्याचीही ताकद नाही त्या दिवशी चुरा करा. हो, तुमच्या हातून चुकून झाला होता तोच. फर्म टोफू हाताने कुस्करा, मीठ-पाणी वगैरे काही नको, आणि रुंद पॅनमध्ये दोन चमचे तेलावर पसरा. चुऱ्यातलं पाणी लवकर उडतं, कारण त्याला पृष्ठभाग भरपूर. आठ-दहा मिनिटं अधूनमधून ढवळत राहा. आधी ओलसर, मग दाणेदार, मग कडेचे दाणे तांबूस होऊन पॅनमध्ये खुळखुळायला लागतात. तिथपर्यंत न्या. बहुतेक जण ओलसर टप्प्यावरच मसाला घालून मोकळे होतात आणि मग तो गिळगिळीत लागतो. दाणे खुळखुळले की लसूण, टोमॅटोची पेस्ट, थोडा सोया सॉस, मिरपूड. हा चुरा पास्त्याच्या सॉसमध्ये खिम्यासारखा जातो, नूडल्सवर जातो, भातावर जातो. सकाळच्या अंड्याच्या भुर्जीसारखा हवा असेल तर मऊसर टप्प्यावर थांबा, हळद आणि शेवटी चिमूटभर काळं मीठ घाला. काळ्या मिठातल्या गंधकाच्या संयुगांचा वास थेट उकडलेल्या अंड्याचा असतो. शेवटी म्हटलं ते मुद्दाम. फार शिजवलं तर तो वास उडतो.

माझा स्वतःचा आवडता प्रकार कोरियातला आहे, दुबू जोरिम. दुबू म्हणजे टोफू, जोरिम म्हणजे सॉस आटवत मुरवलेलं. यात तोडायचं नाही, बोटभर जाडीचे चपटे काप करायचे, नीट पुसायचे आणि दोन्ही बाजूंनी सोनेरी परतायचे. तीन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा तिखट (कोरियन गोचुगारू मिळालं तर उत्तम, ते जाडसर असतं आणि जहाल नसतं, साधं तिखट असेल तर निम्मंच घ्या), लहान चमचा साखर, ठेचलेला लसूण, चिरलेली कांद्याची पात, लहान चमचा तिळाचं तेल आणि सहा मोठे चमचे पाणी. कापांचा एकच थर पॅनमध्ये राहू दे, सॉस वरून चमच्याने घाला आणि मंद आचेवर पाच-सहा मिनिटं आटवा. इथे साल मऊ पडली तरी हरकत नाही, कारण सॉस आटून कापांना लेपासारखा बसतो. दुसऱ्या दिवशी डब्यात गार खाल्ला तर आणखी चांगला लागतो. मी नेहमी दुप्पट करते.

आता आधी म्हटलेला तो मुरवण्याचा अपवाद: गोठवलेला टोफू. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. टोफूतल्या पाण्याचे बर्फाचे खडे होतात, ते जाळी ताणतात, आणि बर्फ वितळल्यावर मागे मोठी भोकं राहतात. फर्म टोफू पाण्यातून काढून, हवे तर काप करून, डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. पिवळट पडतो, घाबरू नका, वितळला की रंग परत फिकट होतो. सकाळी निघताना तो खाली फ्रीजमध्ये आणून ठेवला की संध्याकाळी तयार. विसरलात तर गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं.

मग दोन तळहातांत धरून पिळा. पहिल्यांदा पिळाल तेव्हा हसू येईल: भांडी घासायचा स्पंज पिळावा तसं पाणी धारेने निघतं आणि सोडल्यावर तुकडा पुन्हा फुगतो. फाटत नाही. आता हा रिकामा स्पंज सॉसमध्ये टाका, पाच मिनिटांत तो खरोखर पिऊन टाकतो. चावायला तंतुमय, मांसाच्या जवळ जाणारा. जपानमध्ये याच युक्तीने गोठवून वाळवलेला कोया-दोफू करतात. कोया या डोंगराच्या नावावरून त्याला ते नाव पडलं. एक इशारा मात्र: स्पंज जे मिळेल ते पितो, त्यामुळे सॉस पातळ आणि कमी खारट ठेवा. नेहमीच्या तीव्रतेचा सॉस यात मुरला तर तोंड आंबून जाईल इतका खारट होतो.

सिल्कनला यातलं काहीच लागू नाही. तो परतायचा नाही, दाबायचा नाही, पिळायचा तर नाहीच. उकाड्याच्या दिवशी गार सिल्कनची अख्खी वडी ताटलीत उपडी करा, वर किसलेलं आलं, कांद्याची पात, सोया सॉस. संपलं. जपानी लोक याला हियायाक्को म्हणतात, आणि चूल न पेटवता पाच मिनिटांत होणारं इतकं देखणं दुसरं काही मला माहीत नाही. लसूण, लिंबू, तेल आणि मीठ घालून मिक्सरमधून काढलं की मलईसारखा सॉस होतो, पास्त्याला किंवा सॅलडला. मुलांपासून लपवून टोफू खाऊ घालायचाच असेल तर हा मार्ग. लपवाछपवी मला एरवी आवडत नाही, पण थकलेल्या आईबापांना उपदेश करण्यात अर्थ नसतो.

चीनमधल्या चेंगडूचा मापो टोफूही मऊ टोफूचाच. तो इथे मुद्दाम सांगते, कारण टोफू अजिबात कोरडा न करता चव कशी चिकटवायची ते त्यात दिसतं. मऊ टोफूचे तुकडे मिठाच्या मंद उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवतात, म्हणजे ते थोडे घट्ट होतात आणि फुटत नाहीत. दुसरीकडे खिमा (मी बऱ्याचदा बारीक चिरलेले मशरूम घेते), मिरच्या आणि बाकल्याच्या (ब्रॉड बीन) दाण्यांची आंबवलेली दोउबानजियांग पेस्ट, आलं-लसूण परतून रस्सा करतात. टोफू त्यात अलगद सोडायचा आणि ढवळायचा नाही. चमच्याची पाठ पुढे ढकलत न्यायची. आणि मग पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर एकदम न घालता तीन वेळा थोडं थोडं. दर वेळी रस्सा उकळू द्यायचा. शेवटी रस्सा ताटात पसरत नाही, प्रत्येक तुकड्याला शाल पांघरल्यासारखा धरून राहतो. वर जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर करणारी सिचुआन मिरी. ती मुलीच्या वाट्याला नको.

दोन गोष्टी तब्येतीच्या. टोफूच्या प्रथिनांत शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं असतात, त्यामुळे भात, भाजी आणि टोफू एवढ्यावर जेवण पुरं होतं. साका जिप्समने धरला असेल तर त्यात कॅल्शियमही बऱ्यापैकी असतं. घटकांच्या यादीत कॅल्शियम सल्फेट (म्हणजे जिप्समच) शोधा. घरात कुणाला सोयाची ॲलर्जी असेल तर अर्थातच दूर राहा. थायरॉईडसाठी लेव्होथायरॉक्सिनची गोळी कुणी घेत असेल तर सोयामुळे ती नीट शोषली न जाण्याची शक्यता असते, म्हणून गोळी आणि टोफू यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या.

राहिलं फ्रीजमधलं अर्धं पाकीट. उघडलेला टोफू झाकणाच्या डब्यात, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवला आणि ते पाणी रोज बदललं तर तीन ते पाच दिवस चांगला राहतो. तुम्ही पाणी बदलल्याचं लिहिलेलं नाही, म्हणून आधी वास घ्या. ताज्या टोफूला जवळजवळ वासच नसतो, असला तर कच्च्या शेंगदाण्यासारखा. आंबूस वास आला, पाणी गढूळ दिसलं किंवा बोटाला तार लागली तर धुऊन-बिऊन वाचवायला जाऊ नका, सरळ टाकून द्या. पाकिटातच उघडा पडून कडेने पिवळा आणि कडक झाला असेल तरी तेच करा. आणि पुढच्या वेळी उरेलसं दिसलं तर उरलेली वडी त्याच संध्याकाळी, भांडी घासायच्या आधी, डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका. पुढच्या आठवड्यात पिळायला मुलीला बोलवा.